बाजू बदलली की चिन्ह बदलतं

आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहा: ३क्ष – ७ = ११. उत्तर ६. साठ वह्या गोळा करा, सहाच्या जोडीला तीन आगंतुक उत्तरं बहुधा निघतातच: १५, उणे ६ आणि चार तृतीयांश. मुरलेल्या गणिताच्या शिक्षकाला वही उघडावीही लागत नाही. पोराने नुसतं उत्तर सांगितलं तरी पाय कुठे घसरला ते कळतं. चार तृतीयांशवाल्याने ७ पलीकडे नेला, पण वजाच ठेवला. उणे सहावाल्याने तो बरोबर नेला, १८ आणले, आणि मग भागायच्या तीनचंही चिन्ह उलटं केलं. पंधरावाल्याला ३ आणि क्ष यांच्यामधला गुणाकार दिसलेलाच नाही. मधे काही लिहिलेलं नसतं ना! त्याने अठरातून तीन वजा केले आणि समाधानाने खाली दोन रेघा मारल्या.

एकाने मंत्र पाळला नाही, दोघांनी तो नको तिथे पाळला. मंत्र म्हणजे, ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’. ठाण्यातल्या वर्गात हे वाक्य उच्चारायची हल्ली पंचाईतच झाली आहे, मागच्या बाकांवर खसखस पिकते. त्यात भूमितीच्या तासाला ‘पक्ष’ आणि ‘साध्य’ असतातच. पण विनोद सोडला तरी मंत्र लबाड आहे. कुठलीही संख्या उठून बरोबरच्या चिन्हापलीकडे जात नसते. आपण दोन्हीकडे सात मिळवतो, डावीकडचे सात फिटतात, उजवीकडचे दिसत राहतात. मधली ओळ गाळली की सात चालत गेल्याचा भास होतो.

म्हणून मंत्र काढून घ्यायचा आणि तराजू द्यायचा. अडचण अशी की जांभळी नाक्याच्या बाजारातही आता इलेक्ट्रॉनिक काटे, दोन पारड्यांचा तराजू मुलांनी पाहिलेला असेलच असं नाही. कपड्यांचा हँगर घ्यावा, दोन टोकांना समान लांबीच्या दोऱ्यांनी दोन कागदी पेले टांगावेत. तीन पाकिटांत प्रत्येकी सहा गोट्या घालून ती बंद करावीत आणि एका पेल्यात ठेवावीत, सोबत सात सुट्या गोट्या. दुसऱ्या पेल्यात पंचवीस गोट्या आणि तीन रिकामी पाकिटं. म्हणजे ३क्ष + ७ = २५. ही रिकामी पाकिटं विसरली तर हँगर एका अंगाला कलतो आणि पहिल्या बाकावरचा चौकस प्राणी ‘समीकरण चुकलंय’ म्हणून ओरडतो. गोट्या सारख्याच मापाच्या हव्यात. पंखा बंद करायचा, नाहीतर निम्मा तास पेले धरण्यात जातो. मग दोन्हीकडून सात-सात काढायच्या, उरलेल्याचे तीन-तीन वाटे करायचे. एका पाकिटासमोर सहा. फोडून दाखवल्याशिवाय कोणी विश्वास ठेवत नाही, तेव्हा फोडायचंच.

यात ‘वजा सात’ दाखवता येत नाही, हेही कबूल करावं. उणे गोटी कुठल्या दुकानात मिळत नाही. तिथे पुन्हा संख्यारेषेकडे वळावं लागतं.

हे सगळं करायला येणारा माणूस बी.एस्सी.ला गणित, मग बी.एड.ची दोन वर्षं, अभियोग्यता चाचणी, शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल असा गाळून आलेला असतो. पुढची तीन वर्षं शिक्षण सेवक. माध्यमिकला मानधन महिना १८,००० रुपये, तेही २०२३ पासून, त्याआधी ८,००० होतं. नौपाड्यात नाहीतर घोडबंदर रोडला एखाद्या क्लासमध्ये संध्याकाळच्या दोन बॅचमध्ये याहून बरं जमू शकतं, हे त्यालाही माहीत असतं. शिवाय सेमी इंग्रजीच्या तुकडीत त्रिकोणांची बाजू-कोन-बाजू कसोटी ‘एसएएस’ म्हणून शिकवून घंटा होताच शेजारच्या तुकडीत तेच ‘बाकोबा’ म्हणून शिकवायचं. निवडणुकीची कामं वेगळीच.

तरी माणसं टिकतात, आणि त्याचं कारण मला त्या १५, उणे ६ आणि चार तृतीयांशमध्ये दिसतं. निबंधाला पाचातले साडेतीनच का, हे सांगताना भाषेचे शिक्षकही चाचरतात. गणितात चुकलेल्या पायरीवर बोट ठेवता येतं. त्याची किंमत मात्र वेळ खर्चून मोजावी लागते. उत्तरावर फुली मारायला पाच सेकंद पुरतात, पायरी शोधून तिच्याभोवती लाल गोल करायला दोन मिनिटं जातात. साठ वह्या, दोन तास. दहावीच्या भाग १ आणि भाग २ या ४०-४० गुणांच्या पेपरांत पायऱ्यांना गुण असतात, म्हणून मुलंही त्या गोलाकडे बघतात. फुलीकडे बघून वही मिटतात.

तराजूचं औषध दोन वर्षं छान लागू पडतं. मग दहावीत वर्गसमीकरणं येतात. क्षचा वर्ग = ५क्ष. एक पोरगी दोन्ही बाजूंना क्षने भागते आणि क्ष = ५ लिहून मोकळी होते. बाई त्या पायरीभोवती गोल करतात, शेजारी लिहितात, ‘शून्य कुठे गेला?’

मधल्या सुट्टीत ती वही घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी. “बाई, पण दोन्हीकडे सारखंच केलंय ना? तुम्हीच आठवीत सांगितलं होतं.”

बाई डबा बाजूला सारतात.

“केलंस. पण कशाने भागलंस?”

“क्षने.”

“आणि क्ष किती, ते तुला तेव्हा माहीत होतं?”