कोकणातल्या दोन खासदारांनी आणलेला वीज कायदा

आपल्या वीजबिलामागे जो कायदा उभा आहे, तो लोकसभेत मांडला राजापूरच्या खासदाराने आणि मंजूर करून घेतला रत्नागिरीच्या. ऑगस्ट २००१ मध्ये सुरेश प्रभू केंद्रीय ऊर्जामंत्री होते, तेव्हा विधेयक आलं. ते स्थायी समितीकडे गेलं. परत आलं तोवर ऊर्जाखातं अनंत गीते यांच्याकडे होतं, आणि १० जून २००३ पासून कायदा लागू झाला. १९१०, १९४८ आणि १९९८ चे तीन कायदे रद्द होऊन त्यांच्या जागी हा एकच आला.

पेशाने सनदी लेखापाल असलेल्या प्रभूंनी आधी हिशेबाला हात घातला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. राज्य वीज मंडळांनी केंद्रीय कंपन्यांचे सुमारे ४१ हजार कोटी थकवले होते. या थकबाकीसाठी नेमलेल्या मोंटेकसिंग अहलुवालिया समितीच्या तोडग्यानुसार ६० टक्के व्याज माफ झालं आणि उरलेल्या रकमेचे १५ वर्षांचे रोखे निघाले. त्यासाठी केंद्र, राज्य आणि रिझर्व्ह बँक यांच्यात करार झाला, म्हणजे पुन्हा थकबाकी झाली तर राज्याच्या खात्यातून पैसे वळते करता यावेत. ऊर्जा संवर्धन कायदाही त्यांच्याच कारकिर्दीतला, २००१ चा. फ्रिजवर, एसीवर दिसणाऱ्या तारांकनाचं मूळ तिथे आहे.

पण ग्राहकाच्या हातात खरं हत्यार दिलं ते २००३ च्या कायद्याने, आणि ते फार थोडे लोक वापरतात.

कलम ४३ पाहा. अर्ज पूर्ण असेल आणि नवी लाइन टाकावी लागणार नसेल, तर महिन्याच्या आत जोडणी द्यावीच लागते. म्हणून अर्जाची तारीख असलेली पोच घ्या, नुसत्या तोंडी 'बघतो' वर परतू नका.

कलम ५६ प्रमाणे वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. रक्कम वादग्रस्त असेल तर त्यातच वाट ठेवलेली आहे: मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरा. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. बहुतेकांची चूक इथेच होते. बिल चुकीचं आहे म्हणून एक पैसाही भरत नाहीत, आणि मग तोडणी कायदेशीर ठरते.

त्याच कलमात थकबाकीच्या वसुलीला दोन वर्षांची मर्यादा आहे, पण तिचा अर्थ नीट समजून घ्यावा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं की रक्कम देय होते ती कंपनीने तिचं बिल पाठवल्यावर. कंपनीकडून चूक झाली असेल तर जुना फरक दोन वर्षांनंतरही मागता येतो. मात्र त्या फरकासाठी वीज तोडता येत नाही.

तक्रार आधी कंपनीकडे लेखी द्यावी, आवक क्रमांक घेऊन. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्यानंतर विद्युत लोकपाल. महाराष्ट्रात लोकपालांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत मंचाकडे पोचायला हवं. मंचाच्या आदेशानंतर लोकपालाकडे जायला ६० दिवस मिळतात. वकील लागत नाही.

एक खड्डा मात्र लक्षात ठेवा. अनधिकृत वापराची, म्हणजे कलम १२६ ची आकारणी मंचाकडे चालत नाही. तात्पुरत्या आदेशावर लगेच लेखी हरकत घ्यावी लागते. अंतिम आदेशानंतर ३० दिवसांत अपील, तेही निम्मी रक्कम भरून. दर दुप्पट असतो, त्यामुळे घरगुती जोडणीवर दुकान चालवणाऱ्याला हे फार महाग पडतं.

कायद्यातली सर्वांत दुबळी जागा अंमलबजावणीची. कलम ५५ ने दोन वर्षांत प्रत्येक जोडणीला मीटर सांगितला होता, तरी शेतीपंपांचं बिल पुढे कित्येक वर्षं अश्वशक्तीवरच निघत राहिलं. मीटर नसला की गळती, चोरी आणि शेतीचा खरा वापर वेगळे काढता येत नाहीत. सगळं 'शेतीच्या वापरात' दडतं आणि बदनाम शेतकरी होतो. कलम ६५ प्रमाणे वीजदरातल्या सवलतीचे पैसे राज्य सरकारने कंपनीला आगाऊ द्यायचे असतात. खासदार-आमदारांनी सभागृहात नेमका हाच प्रश्न विचारायला हवा: सवलत जाहीर केली किती, कंपनीच्या खात्यात पोचली किती, आणि कोणत्या तारखेला.