सहस्रचंद्रदर्शनाचा टॉपर

नाशिक, श्रावणातला शुक्रवार

इंदिरानगरच्या एका ताईंनी आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी केकचा टॉपर, म्हणजे केकवर खोचायची कागदी अक्षरे, सांगितला आहे आणि आजचा बहुतेक दिवस त्या एका शब्दाच्या मांडणीतच गेला. चांद्रमास २९.५३ दिवसांचा धरला, तर हजार पौर्णिमा व्हायला जवळपास ८० वर्षे १० महिने लागतात. एवढ्या दीर्घ आयुष्याच्या सोहळ्यात केकवर बाजारातले तयार ‘हॅपी बर्थडे’ खोचणे मला मनापासून पटत नाही.

देवनागरी अक्षरे कापायला अवघड असतात, असे पुष्कळांचे मत आहे. मला ते मान्य नाही. रोमन लिपीतली सुटी अक्षरे एकमेकांना जोडून घ्यावी लागतात. आपल्याकडे शिरोरेषाच सगळा शब्द तोलून धरते. जपावे लागते ते अनुस्वाराला. ‘चं’वरचा बिंदू शिरोरेषेला टेकत नाही आणि कटिंग मशीनमधून कागद काढताच सुटून पडतो, म्हणून संगणकावर आधीच त्याला खाली घेऊन शिरोरेषेत किंचित रुतवावे लागते. आठ इंची केकवर हा शब्द एका ओळीत बसवला, तर अक्षरे फार बारीक होतात. म्हणून वर ‘सहस्रचंद्र’ आणि खाली ‘दर्शन’ अशी मांडणी केली, तेव्हा ‘र्श’चा रफार नेमका वरच्या ‘स्र’च्या दांड्याला जाऊन भिडला. दोन ओळींना सांधणारा दुवा अक्षरांतूनच मिळाला, याचा मला फार आनंद झाला.

कागद ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड), दुहेरी चिकटवलेला. चमकीचा कागद मी मुद्दाम टाळला, कारण त्याचे कण क्रीमवर गळतात, आणि एखादी चमकी विषारी नाही म्हणजे ती खाण्याजोगी आहे, असे होत नाही.

आजोबा दिंडोरीचे द्राक्ष बागायतदार असल्याने सोबत फॉन्डंटचा, म्हणजे साखरेच्या मऊ गोळ्याचा, घडही हवा आहे. ताईंनी पाठवलेल्या चित्रात मणी जांभळे आणि गोल आहेत. पण आजोबांची बाग थॉमसन जातीच्या द्राक्षांची, म्हणजे मणी लांबट आणि हिरवट-पिवळा हवा. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी ज्यांनी जन्मभर केली, त्यांना परका घड कसा देणार? प्रत्येक मणी तळहातावर वळून टोकाकडे किंचित निमुळता केला. फॉन्डंट कडक व्हावा म्हणून त्यात सीएमसी पावडर मळली असली, तरी या पावसाळी हवेत साखर ओलावा ओढून घेते आणि मणी लवकर कडक होत नाहीत, त्यामुळे ते रात्रभर पंख्याखाली राहतील.

ताईंना दोन गोष्टी लिहून कळवल्या: घड फ्रिजमध्ये न ठेवता केक कापण्याच्या थोडाच वेळ आधी वर ठेवावा, आणि निरांजनाची ज्योत कागदाजवळ येऊ नये म्हणून औक्षण उरकल्यावरच टॉपर खोचावा.