तिथला मॅकगायव्हर कोण?

विज्ञानमालिका बघताना मी फार खळखळ करत नाही. भल्यामोठ्या गोल कड्याच्या दारातून पाऊल टाकलं की माणसं थेट दुसऱ्या ग्रहावर उतरतात आणि तिथली मंडळी अस्खलित इंग्रजी बोलतात. चालायचंच. मी अडते भलत्याच ठिकाणी, त्या जगातलं कुणी आपल्या टीव्हीवरच्या खऱ्या मालिकेचं नाव घेतं तेव्हा.

अशा कड्याचीच मालिका ‘स्टारगेट एसजी-१’ १९९७ साली सुरू झाली. पहिल्याच कथेत कॅप्टन कार्टर सांगते, की पृथ्वीवरचं हे दार चालवायला १५ वर्षं, ३ सुपरकॉम्प्युटर आणि मॅकगायव्हरछाप जुगाड लागला. हे ऐकणाऱ्यांत कर्नल ओनील असतो. त्याचं काम करणारा रिचर्ड डीन अँडरसन म्हणजेच १९८५ ते १९९२ या काळातला टीव्हीवरचा मॅकगायव्हर, हाताला लागेल त्यातून जुगाड करून संकटातून सुटणारा नायक! प्रेक्षक हसतात, कथा पुढे सरकते. माझं घोडं मात्र तिथेच पेंड खातं. त्या जगात ‘मॅकगायव्हर’ मालिका झाली, म्हणजे तिला नायक असणार. तो अँडरसनच असेल, तर कर्नलच्या तोंडवळ्याबद्दल एकाही शिपायाने कसं विचारलं नाही? आणि दुसराच कुणी असेल, तर बिचाऱ्या अँडरसनचं तिथे काय झालं?

याच ओनीलला ‘द सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेचं वेड. चौथ्या पर्वात त्याची स्मृती पुसून त्याला जमिनीखाली राबायला लावतात. आठवतो तो एक टकला, अर्ध्या बाह्यांच्या शर्टातला, आपल्याला फार महत्त्वाचा वाटणारा माणूस. नाव बहुधा... होमर! (होमर हा ‘सिम्पसन्स’मधला टकला बाप; आठवणीतला माणूस खरा म्हणजे ओनीलचे साहेब, जनरल हॅमंड.) मला हा प्रसंग फार आवडतो. उठल्यासुटल्या जग वाचवणाऱ्या माणसालाही संध्याकाळ असते, सोफा असतो, ठरलेली मालिका असते, हे तिथे एका नावात कळतं. पुढे आठव्या पर्वात एक न्हावी त्याच्यासमोर येतो. ते काम होमरला आवाज देणाऱ्या डॅन कॅस्टेलनेटाचं. ओनीलचे कान कसे टवकारत नाहीत, देव जाणे.

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेचे लोक यात बिलंदर. १९८८च्या एका कथेत १९६३ सालचा टीव्ही चालू आहे. निवेदक सांगतो, सव्वापाच वाजलेत, आता नवी विज्ञानमालिका... आणि नाव पुरतं उच्चारायच्या आत दृश्य कापलेलं. खरी ‘डॉक्टर हू’ बीबीसीवर आली ती २३ नोव्हेंबर १९६३च्या संध्याकाळी. सगळी पंचाईत कात्रीनेच मिटवली!

पण त्या मालिकेत मला खरा जवळचा वाटतो तो खलनायक मास्टर. १९७२ साली कैदेत असताना तो मुलांचा ‘क्लँगर्स’ बघत बसतो. हे परग्रहावरचे जीव मोठे रंजक दिसतात, म्हणतो. अहो, बाहुल्या आहेत त्या, असं त्याला सांगावं लागतं. ३५ वर्षांनी, २००७ साली, चेहरा बदललाय (त्याच्या जातीला ते जमतं), ब्रिटनचं पंतप्रधानपद हाती आलंय, पृथ्वी गिळायची तयारी झालीय, आणि हा गडी लहान मुलांची ‘टेलिटबीज’ बघतोय. त्यातल्या पात्रांच्या पोटातच टीव्ही! याला म्हणतात उत्क्रांती, असं त्याचं मत.