सहा ठोकळे, एक परात आणि अर्धी मांडवी

दर रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या घरी आठ-दहा पोरं येतात, मी जमिनीवर जुनी चादर टाकते, त्यावर लेगोच्या ठोकळ्यांचा डबा उपडा करते आणि मग दीड तास घरात जो आवाज होतो तो खालच्या काकांना अजून तरी चालतोय. दीड वर्ष झालं हे सुरू करून. बरेच जण विचारतात की नक्की काय करवून घेतेस, म्हणून आज लिहितेच.

सुरुवातीला मी म्हणायचे, "करा रे काहीही." आणि मुलं काय करायची, तर गाडी, बंदूक, परत गाडी. ढीग समोर असला की डोकं चालतच नाही, हे मला चार-पाच रविवारांनंतर कळलं. मग एकदा प्रत्येकाला फक्त सहा ठोकळे दिले, ते आठ बटणांचे (वरच्या गोल उंचवट्यांना आमच्याकडे बटणंच म्हणतात), पाच मिनिटं वेळ, आणि सांगितलं बदक करा. नऊ मुलांनी नऊ वेगळी बदकं केली! एकाचं तर मान वळवून मागे बघणारं होतं, मी त्याचा फोटो अजून ठेवलाय. एकाच रंगाचे असे सहा ठोकळे एकूण ९१,५१,०३,७६५ प्रकारांनी जोडता येतात, कोपनहेगनच्या सोरेन आयलर्स नावाच्या गणितज्ञाने कॉम्प्युटरवर मोजून काढलंय, तर आमची नऊ म्हणजे काहीच नाही.

हा आकडा ऐकून सातवीतला एक मुलगा म्हणाला, मावशी, मग दोनच ठोकळे असले तर? तो रविवार मी विसरणार नाही. उत्तर आहे २४, पण मी सांगितलं नाही. पोरांनी चादरीवर जोड्या मांडत मांडत ४६ काढल्या, मग माझ्या लेकीच्या लक्षात आलं की ही जोडी उलटी फिरवली की ती पलीकडचीच होते, आणि मग एकेक बाद करत, भांडत, रडत (एक जण खरंच रडला, त्याची जोडी बाद झाली म्हणून) शेवटी राहिल्या समांतर ११ आणि आडव्या १३. जेवायची वेळ टळून गेली तरी कुणी उठेना.

पुलाचं चॅलेंज घरी एका मुलासोबतही मस्त होतं. दोन खुर्च्यांमध्ये एक फूट अंतर, ही आमची मगरींची विश्वामित्री नदी, खाली हिरव्या ठोकळ्यांच्या मगरी हव्यातच, त्याशिवाय बडोद्याची मुलं पूल मानत नाहीत. वर तांदळाची अर्ध्या किलोची पिशवी ठेवायची. पहिला पूल बहुतेक मधोमध तुटतोच, कारण सगळे सांधे एका रेषेत येतात. गवंडी वीट अर्धी सरकवून लावतो ना तसं करा, असं मी सांगत नाही हं, बाहेर नेऊन समोरच्या वाड्याची उघडी भिंत दाखवते आणि गप्प बसते.

गप्प बसणं हेच सगळ्यात अवघड आहे. आई-बाबांचे हात शिवशिवतात. "असं नाही रे, इकडे दे" म्हटलं की मूल ठोकळे खाली ठेवतं, आणि मग त्या दिवशी परत उचलत नाही, मी किती वेळा बघितलंय.

ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्यातल्या तिघांच्या घरात पाणी शिरलं होतं. त्यानंतर मुलांनी स्वतःच म्हटलं की पुरात टिकणारं घर करू. मला जरा भीती वाटली, पण परात काढली, तांब्याने पाणी ओतत गेलो. पहिलं घर चक्क तरंगायला लागलं, ठोकळा आतून पोकळ असतो, तळाशी हवा अडकते, मग भिंतींच्या फटींतून पाणी आत गेलं आणि ते एका बाजूला कललं. दुसरं चार खांबांवर होतं, ते आडवं झालं. मग ज्या मुलीच्या घरातला फ्रिज गेला होता तिने खांबांखाली लेगोची रुंद, चपटी प्लेट लावली, आजीचा दगडी बत्ता त्या प्लेटवर ठेवला आणि म्हणाली, आता ओता. टिकलं. तिने लगेच वरच्या मजल्यावर फ्रिज केला, पांढरा, चार बटणांचा.

पाठीला पाठ लावून बसायचं, एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने न बघता तेच करायचं, हाही खेळ आवडतो, फक्त आमच्याकडे "डावी" "उजवी" "जमणी" (गुजरातीत उजवी) सगळं एकत्र चालतं, त्यामुळे आधी भाषा ठरवून घ्यावी लागते.

सामानाचं थोडक्यात. तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर बारीक तुकडे नकोतच, लेगोचेच मोठे ठोकळे, डुप्लो, घ्या. रंगाप्रमाणे लावू नका, आकाराप्रमाणे लावा, लाल ढिगात लाल बारका तुकडा सापडत नाही. आणि जुने टाकू नका, माझ्या मामेभावाचे लहानपणचे लेगो आजच्यांत खटकन बसतात, त्या डॅनिश कंपनीने १९५८ पासून जोडणीचं माप बदललेलंच नाही.

सध्या मांडवी, म्हणजे बडोद्याच्या जुन्या शहरातली कमानींची चौकोनी इमारत, चालू आहे. चारी बाजूंना तीन-तीन कमानी, आणि चौकोनी ठोकळ्यांतून कमान आणायची कशी यावर तीन रविवार गेले. आता दोन्हीकडून प्रत्येक थर एकेक बटण पुढे काढत मध्ये भेटवायचं जमलंय. सात कमानी झाल्यात, पाच बाकी आहेत, आणि तपकिरी ठोकळे संपलेत म्हणून मुलांनी ठरवलंय की पाणीगेटाकडची बाजू पिवळी होणार.