लावा बघू

फ्रिज मागून 'हुंऽऽ' करायचा, मग 'टक्' वाजायचं आणि सगळं गप्प. थोड्या वेळानं पुन्हा तेच. आधी येऊन गेलेल्या तरुणानं दार उघडून-लावून पाहिलं आणि "कॉम्प्रेसर गेला, नवाच घ्या" असा निकाल दिला होता. दुपारी आले ते दुरुस्तीवाले वयस्कर होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि काहीच केलं नाही. नुसते उभे राहून ऐकत होते.

"लाइट जाऊन आल्यावर सुरू झालं का हे?"

हो म्हटल्यावर खाली बसले. प्लग काढला, कॉम्प्रेसरला चिकटलेला, त्याला सुरू करून देणारा रिले उपसून कानाशी नेला आणि हलवला. आत खुळखुळ्यासारखं काहीतरी वाजलं. "ऐकलंत? चकती फुटलीय." तरीही मीटर लावून कॉम्प्रेसरच्या तिन्ही पिना आळीपाळीनं मोजल्या. दोन लहान आकड्यांची बेरीज तिसऱ्या आकड्याएवढी भरली, तेव्हा कुठे पिशवीतून नवा रिले निघाला. "आतलं तारेचं वाइंडिंग ठीक आहे. लावा बघू."

लहानपणी घरात काही उघडलं की बॅटरी धरायचं काम माझ्याकडे असे. उजेड हवा तिथं न पडता माझी नजर जाईल तिकडे पडायचा, आणि बोलणी बसायची. पण बघायला मिळायचं. दुरुस्तीवाले काका मिक्सर हातात आला की आधी हुंगायचे. जळलेल्या वार्निशचा वास नसला की त्यांचा चेहरा खुलायचा. मग बहुधा मोटरला वीज पोचवणारे कार्बन झिजलेले निघायचे. पेराहूनही लहान काळे तुकडे, मागे बारीक स्प्रिंग. काढलेले स्क्रू डब्याच्या झाकणात, काढले त्याच क्रमानं. त्या झाकणाला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

तेव्हापासून माझी एक खोड आहे. स्क्रूड्रायव्हरच्या आधी प्रश्न काढणाऱ्यावर माझा विश्वास बसतो. मायक्रोवेव्हचा प्लग काढल्यावरही आतल्या, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज शिल्लक असू शकतो. तो आधी उतरवणाऱ्या माणसाला "दहा मिनिटांचं तर काम" म्हणून पैशांत घासाघीस करणारे लोक मला समजत नाहीत. त्यांनी स्वतः हात घालून बघावा. नको, घालू नये.

"हाताखाली कुणी शिकायला आहे का?" मी फ्रिजवाल्यांना विचारलं. ते हसले. "हल्ली आतला इलेक्ट्रॉनिक बोर्डच बदलायचा, झालं. आणि बोर्डावर रसायन ओतून ठेवतात, त्यात काय शिकवणार?" खरंच, आत काय आहे ते दिसूच नये अशी सोय असते.

फ्रान्समध्ये 2021 पासून लॅपटॉपसारख्या काही वस्तू विकताना, ती दुरुस्त करायला किती सोपी याचे 10 पैकी गुण दाखवावे लागतात. उत्तम आहे. पण 8 गुणांचं मशीन उघडणारा माणूस शोधायचा कुठे, ते काही त्या चिठ्ठीवर नसतं.