चार पिल्लांची आई आणि वीस गाड्या

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात त्या सकाळी आमच्या गाइडने गाडी मागे घेतली आणि त्यावरून ग्रुपमध्ये जे वाजलं, ते अजून मिटलेलं नाही. माझ्याही मनात ते मिटलेलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी टूर लीडर. जुलै ते ऑक्टोबरमध्ये शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतून वाइल्डबीस्ट या गाईसारख्या दिसणाऱ्या जनावरांचे कळप मारात येतात, तेव्हा माझा मुक्काम तळेक नदीकाठच्या एका कॅम्पवर असतो. एक ग्रुप नैरोबीला सोडायचा, दुसरा घेऊन यायचा. या कामात जनावरांपेक्षा माणसांकडे जास्त बघावं लागतं. केनियात 2017 पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा चिवडा कापडी पिशवीत किंवा डब्यात आणा, हे निघण्याआधीच बजावून सांगायचं. अंधार पडल्यावर तंबूबाहेर एकट्याने पडायचं नाही. टॉर्च हलवला की पहारेकरी न्यायला येतो, कारण नदीतले पाणघोडे रात्री तंबूंच्या मधूनच चरायला जातात. कुणाचं जैन जेवण, कुणाची गुडघेदुखी, गाडीत पुढची जागा कुणाला. यातून सकाळी सहाला गाडी सुटली की मी खरी सुटते.

आमचा गाइड मसाई जमातीचा, तिथलाच. त्या दिवशी गाड्यांच्या रेडिओवर कुठलीच खबर नव्हती. एका वारुळाशी तीन टोपी उभे होते. टोपी म्हणजे तांबूस अंगाचं, मांड्यांवर निळसर-काळे डाग असलेलं मोठं हरीण. तिघेही चरायचे थांबले होते, कान एकाच दिशेला रोखलेले, मधूनच फुरफुरत होते. गाइडने दुर्बीण लावली आणि हळूच म्हणाला, "दुमा." चित्ता.

गाडी कुठे लावतो त्यावरून गाइड किती मुरलेला आहे ते कळतं. मादी एका उंचवट्यावर बसली होती आणि पल्याड थॉमसन गझेल या लहान हरणांचा छोटा कळप चरत होता. दोघांमधली मोकळी पट्टी पूर्ण सोडून, नियमातल्या 25 मीटरपेक्षा कितीतरी लांब, वाटेवरच त्याने गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. दुर्बिणीतून बघितल्यावर गवतात चार पिल्लं दिसली. मानेपासून पाठीवर राखाडी केसांची झूल होती, म्हणजे तीन महिन्यांच्या आतली असणार. आईचं पोट पाठीला लागलेलं. ती उठली, डोकं खांद्यांच्या खाली घेतलं आणि एक पंजा उचलून तशीच थांबली. पिल्लं जागची हलली नाहीत. रात्र सिंहांची आणि तरसांची, म्हणून चित्ता बहुतेक शिकार उजेडीच उरकतो. तिला तेवढीच सकाळ होती.

ताडोबात निदान गाड्या आखलेल्या रस्त्यावर राहतात आणि गेटवर संख्या ठरलेली असते. मारात सगळा उघडा माळ. थांबलेली गाडी लांबून दिसते आणि एकाने रेडिओवर सांगितलं की संपलं. एका ठिकाणी पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत असा नियम आहे. मी वीसपर्यंत मोजल्या, मग सोडून दिलं. दोन गाड्या वाट सोडून थेट त्या मोकळ्या पट्टीत घुसल्या. गझेल उधळली. मादी परत फिरली, तोवर पिल्लांच्या मधूनही गाड्या गेल्या होत्या: दोन पिल्लं अलीकडे, दोन पलीकडे. चित्त्याला डरकाळी नसते. ती पाखरासारखी चिवचिवून पिल्लांना बोलावत होती आणि इंजिनांच्या आवाजात ते आम्हालाच धड ऐकू येत नव्हतं.

"आपण निघू या," गाइड मला म्हणाला. मी मागे वळून ग्रुपला सांगितलं.

मोठी लेन्स घेऊन आलेले एक काका भडकले. "ताई, नुसत्या प्रवेशाचे दोनशे डॉलर भरलेत. तेही बारा तासांचे! त्याला सांगा, टिप देतो, जरा पुढे घे. सगळे गेलेच आहेत की."

त्यांच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, तिची दोन पोरं पलीकडे राहिलीत. चला इथनं."

गाडीत निर्णय गाइडचा असतो, एवढं बोलून मी पुढे बघितलं. आम्ही निघालो.

संध्याकाळी शेकोटीपाशी काकांनी शांतपणे विचारलं, "आपण आलो निघून. बाकीचे तिथेच होते. मग साधलं काय?" प्रश्न खोटा नाही. मी त्यांना 2018 साली प्रसिद्ध झालेल्या, मारातल्याच अभ्यासाबद्दल सांगितलं. पर्यटकांची वर्दळ कमी असलेल्या भागात चित्त्याच्या एका वेतामागे सरासरी दोनपेक्षा जास्त पिल्लं स्वतंत्र होईपर्यंत जगली. वर्दळीच्या भागात हे प्रमाण पाच वेतांमागे जेमतेम एक पिल्लू. काका गप्प झाले, पण पटलं नाही. परतल्यावर त्यांनी तक्रार केली आणि माझ्याकडून 'साइटिंग अर्धवट का सोडलं' याचा लेखी खुलासा मागवला गेला.

मला राग त्या खुलाशाचा नाही. या धंद्यात टोपी हरणांच्या कानांवरून चित्ता ओळखणाऱ्या गाइडला कमी टिप मिळते आणि गाडी पुढे दामटणाऱ्याला जास्त, याचा आहे. त्या ड्रायव्हरांवर सगळं ढकलणंही मला मान्य नाही. त्यांच्या घरची चूल सीझनच्या टिपांवर चालते आणि मागून पाठीवर थाप मारून 'पुढे घे' म्हणणारे आपलेच लोक असतात.

पुढच्या ग्रुपबरोबर ती मादी पुन्हा दिसली. पिल्लं तीन होती. चौथं तरसाने नेलं, सिंहाने मारलं की आजाराने गेलं, कुणीच पाहिलेलं नव्हतं. त्या सकाळशी मी त्याचा संबंध जोडू शकत नाही. पण त्या सकाळी तिची शिकार आम्हा माणसांमुळे हुकली, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

पुढच्या सीझनचं माहितीपत्रक आता छापायला जाईल. त्यातली 'शिकारीचा थरार अगदी जवळून' ही ओळ काढा आणि 'गाडी किती जवळ न्यायची हे गाइड ठरवेल' असं स्पष्ट छापा, असं मी ऑफिसला कळवलंय. उत्तर आलेलं नाही. सोमवारी पुन्हा फोन करणार आहे.