खान्देशातून सप्तशृंगगडाची पायी वारी

चैत्र लागला की धुळे-जळगावकडची माणसं भगवी निशाणं खांद्यावर घेऊन गडाच्या वाटेला लागतात. खान्देश हे सप्तशृंगीचं माहेर, अशी आमच्याकडची श्रद्धा. म्हणून रामनवमी ते चैत्र पौर्णिमा या उत्सवात माहेरच्यांनी चालतच जायचं. धुळे, मालेगाव, देवळा, कळवण, नांदुरी ही आमची वाट. धुळे ते मालेगावच ५० किलोमीटरच्या आसपास भरतं आणि नवे गडी ते पहिल्याच दिवशी संपवायच्या ईर्ष्येने सुटतात. तिथेच वारी फसते. पहिल्या दिवशी २५ किलोमीटरवर मुक्काम करावा, दुसऱ्या दिवसापासून ३०. घाट शेवटी आहे, पाय त्याच्यासाठी राखायचे.

आम्ही पहाटे ३ वाजता निघतो, साडेनऊला सावली धरतो आणि ५ नंतर पुन्हा चालू लागतो. दहानंतर डांबर तापतं. अनवाणी चालण्याचा नवस असेल त्याने तर ही वेळ मोडूच नये. अंधारात रस्त्याच्या उजव्या कडेने चालावं, समोरची गाडी दिसते. सगळ्यात मागच्या माणसाच्या पाठीवर चमकती पट्टी हवीच. टेम्पो दिंडीसोबत रांगत नेऊ नका, ५-६ किलोमीटर पुढे जाऊन थांबवा.

फोड येतात ते घामाने भिजलेल्या मोज्यांमुळे आणि नव्या बुटांमुळे. जुने, अर्धा नंबर मोठे बूट घ्यावेत, कारण चालून पाय सुजतात. दर दोन तासांनी मोजे बदलावेत. ओले मोजे पिशवीला बाहेरून अडकवले की उन्हात सुकतात. बोटांच्या बेचक्यांत आणि मांड्यांना आतून खोबरेल चोळावं. फोडात सुई-दोरा ओवून ठेवायची जुनी रीत मात्र सोडा. दोऱ्यावाटे घाण आत जाते आणि दुसऱ्या दिवशी पाऊल टेकवत नाही. फोड तसाच ठेवून वरून चिकटपट्टी लावावी.

वाटेत सेवेकरी इतक्या मायेने वाढतात की नाही म्हणवत नाही. तरी भर दुपारी बुंदी आणि तेलकट पुऱ्या पोटभर खाल्ल्या की संध्याकाळी उलट्या ठरलेल्या. ताक, खिचडी, गूळ-शेंगदाणे यांवर निभतं. नुसतं पाणी ढोसूनही पोटऱ्यांत गोळे येतात, कारण घामावाटे मीठ गेलेलं असतं. बाटलीत चिमूटभर मीठ, साखर आणि लिंबू घालावं.

कळवण मागे पडलं की डोंगर जवळ येतो, आणि चालणाऱ्याला तो नीट बघायला सवड मिळते. सप्तशृंगाच्या समोर मार्कंडेयाचा डोंगर. तिथून ऋषी देवीमाहात्म्य म्हणत आणि देवी मान कलती करून ऐकत असे, अशी कथा आहे. कड्यात कोरलेल्या अठरा हातांच्या मूर्तीची मान खरोखरच एका बाजूला झुकलेली आहे. गाभाऱ्यात क्षणभरच उभं राहू देतात, तेव्हा आधी मान पाहा, मग हात. मूर्ती एवढी उंच, की नेसवायला ११ वार साडी लागते आणि चोळीला ३ खण. २०२२ मध्ये अंगावरचा शेंदराचा जाड थर उतरवल्यापासून मूळ कोरीव रूप स्पष्ट दिसतं.

नांदुरीहून गडाचा घाटरस्ता सुमारे १० किलोमीटर. लहान पावलं टाका, वळणावर बसू नका. बसलं की पोटऱ्या आखडतात. वर गावातून देवळापर्यंत आणखी ५०० च्या आसपास पायऱ्या आहेत. सरसेनापती दाभाडे घराण्यातल्या उमाबाईंनी त्या बांधवल्या असं सांगतात. पायथ्याशी महिषासुराचं मुंडकं आहे, आधी त्याला नमस्कार करायची रीत. २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली, म्हणजे रुळांवरून वर ओढली जाणारी गाडी आहे. गुडघे बोलत असतील तर संकोच न करता तिनेच जावं, वारी उणी होत नाही.

चतुर्दशी-पौर्णिमेला दर्शनाची बारी (रांग) तासन्‌तास हलत नाही. दर्शन निवांत हवं असेल तर द्वादशीपर्यंत पोहोचावं. पण शिखरावरचा ध्वज पाहायचा असेल तर गर्दी सोसावीच लागते. दरेगावचे गवळी उत्सवाच्या शेवटी रात्री सुळक्यावर चढून तो लावतात. तो मान त्यांच्याच घराण्याचा, दुसरं कोणी तिथे चढत नाही.

उतरताना घाट चालू नये. दमलेल्या मांड्या धक्का झेलत नाहीत आणि तो थेट गुडघ्यांत जातो. उत्सवात खासगी गाड्या नांदुरीतच अडवतात, वर-खाली एसटीच चालते. टेम्पो नांदुरीत नेमका कुठे उभा असेल हे चढण्याआधीच सगळ्यांना सांगून ठेवा, कारण गर्दीत फोन लागत नाही.